परराज्यातील वायनरीकडून थेट खरेदी : अमेरिकी संघराज्यातील समान वागणुकीचे तत्त्व आणि भारतीय संदर्भ

सारांश

अमेरिकेत एका राज्यातील ग्राहकाने दुसऱ्या राज्यातील वायनरीकडून थेट घरपोच वाइन मागवावी काय, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नातून त्या देशाच्या राज्यघटनेतील दोन तरतुदींचा संघर्ष उभा राहिला. एकीकडे देशभर एकच बाजारपेठ असावी हे तत्त्व, तर दुसरीकडे मद्याचे नियमन हा राज्यांचा अधिकार. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या प्रकरणात या संघर्षाचा निवाडा केला. प्रस्तुत लेखात या निकालाची पार्श्वभूमी, आशय, मर्यादा व परिणाम यांचे विवेचन केले असून, द्राक्षोत्पादक महाराष्ट्राच्या दृष्टीने भारतीय राज्यघटनेतील समांतर तरतुदींचा विचार केला आहे. हा निकाल मद्यविक्रीला स्वातंत्र्य देणारा नसून समान वागणुकीचे बंधन घालणारा आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : संघराज्य, वाणिज्य कलम, एकविसावी घटनादुरुस्ती, त्रिस्तरीय व्यवस्था, थेट विक्री, उत्पादन शुल्क, अनुच्छेद ३०१ ते ३०४.

१. प्रस्तावना

२००५ पूर्वी मिशिगन राज्यात राहणाऱ्या एखाद्या ग्राहकाने मिशिगनमधीलच वायनरीकडे मागणी नोंदवली, तर आवश्यक परवाना असलेली ती वायनरी वाइनच्या बाटल्या थेट त्याच्या घरी पाठवू शकत असे. त्याच ग्राहकाने कॅलिफोर्नियातील वायनरीकडे तशीच मागणी नोंदवली, तर मात्र ती पूर्ण करणे बेकायदेशीर ठरे. दोन्ही बाटल्यांतील पेय एकाच प्रकारचे, ग्राहक एकच, त्याचे वयही तेच. भेद होता तो फक्त बाटली कोणत्या राज्यात भरली गेली याचा.

वस्तू कापड किंवा पुस्तक असती, तर असा कायदा अमेरिकी न्यायालयात क्षणभरही टिकला नसता. परंतु मद्याच्या बाबतीत त्या देशाच्या राज्यघटनेतच स्वतंत्र तरतूद आहे. तिच्यामुळे राज्यांना आपल्या हद्दीत मद्य येऊ द्यावे की नाही, आणि येऊ द्यावयाचे तर कोणत्या मार्गाने, हे ठरविण्याचा व्यापक अधिकार मिळाला. या अधिकाराला काही सीमा आहे काय, हा मूळ प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ मद्यशौकिनांचा नाही. संघराज्यातील घटक राज्यांना लोकहितासाठी नियमन करण्याचा अधिकार असावा हे सर्वमान्य आहे. पण लोकहिताच्या नावाखाली स्थानिक उत्पादकाचे संरक्षण होऊ लागले, तर ते ओळखावे कसे? राज्यशास्त्र, विधी, अर्थशास्त्र व वाणिज्य या चारही विद्याशाखांच्या अध्यापकांना हे उदाहरण वर्गात उपयोगी पडावे, असे त्याचे स्वरूप आहे.

२. दारूबंदी आणि त्रिस्तरीय व्यवस्था

अमेरिकेच्या अठराव्या घटनादुरुस्तीने १९२० पासून देशभर दारूबंदी लागू केली. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीस मान्यता मिळून ही बंदी उठली. बंदी उठविताना दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने असे ठरविले की, कोणत्याही राज्याच्या कायद्याचे उल्लंघन करून त्या राज्यात वापरासाठी मद्य आणणे किंवा वाहून नेणे निषिद्ध राहील. म्हणजे राष्ट्रीय बंदी संपली, तरी ज्या राज्याला बंदी हवी असेल त्याला ती चालू ठेवण्याची मुभा मिळाली.

बहुतेक राज्यांनी या अधिकाराचा उपयोग करून त्रिस्तरीय व्यवस्था उभारली. उत्पादकाने केवळ घाऊक विक्रेत्यास विकावे, घाऊक विक्रेत्याने किरकोळ विक्रेत्यास, आणि किरकोळ विक्रेत्याने ग्राहकास, असा तिचा सर्वसाधारण आराखडा आहे. १७ राज्यांमध्ये तर वितरणाच्या साखळीतील काही भाग शासनाने स्वतःकडेच ठेवला. या रचनेमागे ऐतिहासिक कारण होते. दारूबंदीपूर्व काळात अनेक गुत्ते बीअर उत्पादकांच्याच मालकीचे किंवा त्यांच्या कर्जात अडकलेले असत. अधिकाधिक विक्रीसाठी उत्पादकाचा गुत्त्यावर दबाव येई आणि त्यातून बेसुमार मद्यपानास उत्तेजन मिळे, अशी तक्रार होती. उत्पादक आणि विक्रेता यांच्यामध्ये स्वतंत्र घाऊक विक्रेता उभा केल्यास ही साखळी तुटेल, करवसुली एका ठिकाणी करता येईल आणि मालाचा माग ठेवणे सोपे जाईल, असा हेतू होता. हा हेतू गैर नव्हता, हे पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवावयास हवे.

३. छोट्या वायनरीची अडचण

१९३३ मध्ये आखलेली ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीस एका वेगळ्याच वास्तवाला सामोरी गेली. ग्रॅनहोम निकालपत्रात नमूद केल्याप्रमाणे, तीस वर्षांच्या काळात देशातील वायनरींची संख्या तिपटीहून अधिक होऊन ३,००० च्या पुढे गेली. याउलट परवानाधारक घाऊक विक्रेत्यांची संख्या १९८४ ते २००२ या काळात १,६०० वरून ६०० पर्यंत घटली. उत्पादक वाढले आणि बाजाराचा दरवाजा मात्र अरुंद झाला.

घाऊक विक्रेत्यास मोठ्या प्रमाणावर, वर्षभर उपलब्ध असणारा माल सोयीचा असतो. वर्षाला काही शे पेट्या काढणाऱ्या कौटुंबिक वायनरीचा माल गोदामात ठेवणे, त्याची जाहिरात करणे आणि तो दुकानांत पोचविणे त्याला परवडत नाही. अशा वायनरीचे ग्राहक बहुधा द्राक्षमळ्याला भेट देऊन गेलेले प्रवासी असतात. ते आपापल्या राज्यात परतल्यावर पुन्हा मागणी करतात, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर कायदा आड येतो. इंटरनेटमुळे मागणी नोंदविणे सोपे झाले. माल पोचविणे मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले.

केंद्रीय व्यापार आयोगाने जुलै २००३ मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. व्हर्जिनिया राज्यातील मॅक्लीन परिसराचा अभ्यास करून आयोगाने दाखविले की, नमुन्यादाखल निवडलेल्या लोकप्रिय वाइनपैकी १५ टक्के वाइन आसपासच्या दुकानांत मिळतच नव्हत्या. वाहतुकीचा स्वस्त पर्याय निवडल्यास २० डॉलरपेक्षा महाग बाटल्यांवर सरासरी ८ ते १३ टक्के बचत होत होती. स्वस्त बाटल्यांच्या बाबतीत मात्र वाहतूक खर्चामुळे थेट खरेदी उलट महाग पडत होती. या निरीक्षणाला सामाजिक अंगही आहे. थेट खरेदीचा लाभ प्रामुख्याने महागड्या आणि दुर्मीळ वाइनला होतो. स्वस्तात नशा शोधणाऱ्याला तिचे आकर्षण राहत नाही.

४. दोन घटनात्मक तरतुदींमधील तणाव

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमाने आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला दिला आहे. या तरतुदीचा न्यायालयांनी एक गर्भित अर्थ मानला : काँग्रेसने कायदा केलेला नसला, तरी राज्यांनी परराज्यातील व्यापाराशी भेदभाव करता कामा नये. घटनेत शब्दशः न लिहिलेल्या या अर्थाला सुप्त वाणिज्य कलमाचे तत्त्व म्हणतात.

मद्याच्या बाबतीत या तत्त्वाची ओढाताण दारूबंदीपूर्वीच सुरू झाली होती. आयोवा राज्यात मद्यविक्रीस बंदी असताना इलिनॉयमधील उत्पादकांनी मूळ बंद वेष्टनात तेथे बीअर पाठविली. ती जप्त झाल्यावर १८९० मध्ये लायसी विरुद्ध हार्डिन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकांच्या बाजूने निर्णय दिला. परिणाम विचित्र झाला. राज्याला स्वतःच्या मद्यावर बंदी घालता येई, पण बाहेरून बंद वेष्टनात येणाऱ्या मद्यावर नाही. काँग्रेसने त्याच वर्षी विल्सन कायदा करून, बाहेरून आलेले मद्यही स्थानिक मद्याप्रमाणेच आणि तितक्याच प्रमाणात राज्याच्या कायद्यास अधीन राहील, असे ठरविले. तथापि, १८९८ च्या ऱ्होड्स विरुद्ध आयोवा या निकालाने विल्सन कायद्याचा संकुचित अर्थ लावल्यामुळे व्यक्तिगत वापरासाठी थेट मागविलेले मद्य पुन्हा निसटू लागले. ही पळवाट बंद करण्यासाठी १९१३ मध्ये वेब–केन्यन कायदा आला. एकविसाव्या घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाची शब्दरचना याच कायद्याशी मिळतीजुळती आहे. थेट खरेदीचा वाद इंटरनेटने निर्माण केला असा समज आढळतो. प्रत्यक्षात तो शतकाहून जुना आहे.

घटनादुरुस्तीनंतरच्या पहिल्या काळात न्यायालयाने राज्यांना जवळजवळ मोकळीक दिली. परराज्यातून बीअर आणण्याच्या परवान्यासाठी कॅलिफोर्नियाने ५०० डॉलर शुल्क लावले होते. १९३६ च्या यंग्ज मार्केट प्रकरणात न्या. ब्रँडाइस यांनी ते वैध ठरविले. आयात पूर्णपणे रोखण्याचा अधिकार असलेल्या राज्याला तिच्यावर शुल्कही लावता येते, असे त्यामागील तर्कशास्त्र होते.

पुढे ही भूमिका पालटली. हवाईने घाऊक मद्यविक्रीवर २० टक्के कर लावला होता. मात्र स्थानिक ‘टी’ वनस्पतीच्या मुळांपासून बनणारे ओकोलेहाओ हे मद्य आणि फळांची वाइन यांना त्यातून सूट होती. स्थानिक उद्योगास उत्तेजन देणे हा हेतू राज्याने लपविलाही नाही. १९८४ च्या बॅकस इम्पोर्ट्स विरुद्ध डायस या निकालात न्यायालयाने ही सूट अवैध ठरविली. एकविसावी घटनादुरुस्ती मद्यपानाच्या दुष्परिणामांवर नियंत्रण ठेवण्यासाठी आहे, स्थानिक उद्योगास स्पर्धेपासून वाचविण्यासाठी नाही, हा विचार येथे स्पष्ट झाला.

५. ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड, २००५

मिशिगन आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांच्या कायद्यांना आव्हान देणारी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात एकत्र चालली. मिशिगनच्या प्रकरणात तेथील ग्राहक व कॅलिफोर्नियातील एक वायनरी, तर न्यूयॉर्कच्या प्रकरणात व्हर्जिनियातील हुआनिटा स्वीडनबर्ग व कॅलिफोर्नियातील डेव्हिड ल्यूकस हे छोटे उत्पादक वादी होते. कनिष्ठ न्यायालयांत मतभेद झाला होता. एका अपील न्यायालयाने मिशिगनचा कायदा रद्द केला, तर दुसऱ्याने न्यूयॉर्कचा कायम ठेवला.

न्यूयॉर्कचा कायदा वरकरणी अधिक उदार होता. परराज्यातील वायनरीस थेट विक्रीची परवानगी होती. अट एवढीच की तिने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे कार्यालय व गोदाम उघडावे. काही पेट्या विकण्यासाठी तीन हजार मैलांवर गोदाम बांधणे छोट्या वायनरीस शक्य नव्हते. अशी सवलत परराज्यातील एकाही वायनरीने घेतली नव्हती, याची न्यायालयाने नोंद घेतली. कायदा शब्दांत दार उघडतो आणि अटींत ते बंद करतो, याचा हा नमुना होता.

१६ मे २००५ रोजी पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरले. बहुमताचे निकालपत्र न्या. केनेडी यांनी लिहिले, न्या. स्कॅलिया, सूटर, गिन्सबर्ग व ब्रायर यांनी त्यास संमती दिली. त्यातील तर्क तीन पायऱ्यांत सांगता येतो.

पहिली पायरी : दोन्ही कायदे स्थानिक व परराज्यातील वायनरींमध्ये उघड भेद करतात, म्हणून वाणिज्य कलमाचा भंग होतो. दुसरी पायरी : एकविसावी घटनादुरुस्ती हा भेद वाचवू शकत नाही. तिने राज्यांना दारूबंदीपूर्व अधिकार परत दिले, आणि त्या काळच्या विल्सन कायद्यानेही स्थानिक व बाहेरच्या मद्यास समान वागणूक देणे अभिप्रेत ठेवले होते. तिसरी पायरी : राज्यांनी पुढे केलेली कारणे, म्हणजे अल्पवयीनांचे संरक्षण आणि करवसुली, भेदभावाशिवायही साध्य होतात. अल्पवयीनास वाइन मागवायची असेल, तर ती तो राज्यातील वायनरीकडूनही मागवू शकतो. त्यावर पोच देताना प्रौढ व्यक्तीची स्वाक्षरी घेण्याची अट हा उपाय आहे. थेट विक्रीस परवानगी देणाऱ्या राज्यांत अल्पवयीनांबाबत मोठ्या अडचणी आल्याचे व्यापार आयोगास आढळले नव्हते, याचाही आधार घेण्यात आला. कराच्या बाबतीत परवाना, नियमित विवरणपत्रे आणि परवाना रद्द होण्याची भीती ही साधने पुरेशी मानली गेली.

भिन्नमतही तितकेच अभ्यसनीय आहे. न्या. थॉमस यांनी वेब–केन्यन कायद्याची व घटनादुरुस्तीची शब्दरचना पुढे ठेवून असे प्रतिपादन केले की, तिच्यात भेदभावास मनाई नाही आणि न्यायालयाने ती आपल्या पदरची घालू नये. सरन्यायाधीश रेनक्विस्ट, न्या. स्टीव्हन्स आणि न्या. ओकॉनर हे त्यांच्याशी सहमत होते. न्या. स्टीव्हन्स यांनी स्वतंत्र मतपत्रात आठवण करून दिली की, घटनादुरुस्ती करणाऱ्या पिढीच्या लेखी मद्य ही इतर वस्तूंसारखी वस्तू नव्हती. पाच आणि चार अशी विभागणी झाली, ती मद्याविषयीच्या आवडीनिवडीवरून नव्हे, तर घटनेचा अर्थ शब्दांवरून लावावा की हेतू व इतिहासावरून, या मुद्द्यावर.

६. निकालाचा खरा आशय आणि त्याच्या मर्यादा

या निकालाने थेट विक्री खुली झाली, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. राज्याने थेट विक्रीस परवानगी द्यावी असे न्यायालयाने कोठेही म्हटलेले नाही. परवानगी दिली तर ती सर्वांना समान अटींवर द्यावी, इतकेच म्हटले आहे. राज्यातील व परराज्यातील सर्वच वायनरींना थेट विक्रीस बंदी घालणारे राज्य या निकालाचे उल्लंघन करीत नाही. त्रिस्तरीय व्यवस्था स्वतः वैध आहे, हेही न्यायालयाने पुन्हा सांगितले. समानता दोन मार्गांनी साधता येते : सर्वांना वर आणून किंवा सर्वांना खाली आणून. निवड राज्याच्या विधिमंडळाची.

प्रत्यक्षात बहुतेक राज्यांनी पहिला मार्ग पत्करला. निकालाच्या वेळी २६ राज्यांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात थेट विक्रीस मुभा होती. पुढील दोन दशकांत ती मोजकी राज्ये वगळता सर्वत्र पोचली. न्यूयॉर्कने २००५ मध्येच कायदा बदलून प्रत्येक ग्राहकास वर्षाला ३६ पेट्यांपर्यंत वाइन पाठविण्याची परवानगी दिली. स्थानिक उत्पादकांचे गिऱ्हाईक राखायचे, तर परक्यांनाही दार उघडणे भाग होते. निकालामागील राजकीय गणित असे होते.

तथापि भेदभाव नवी रूपे घेऊ शकतो. मॅसॅच्युसेट्सने असा नियम केला की, वर्षाला ३०,००० गॅलनपर्यंत वाइन काढणाऱ्या वायनरींनी घाऊक विक्रेत्यामार्फतही विकावे आणि थेटही. त्याहून मोठ्यांनी मात्र दोहोंपैकी एकच मार्ग निवडावा. नियमात कोणत्याही राज्याचे नाव नव्हते. परंतु मॅसॅच्युसेट्समधील सर्व वायनरी या मर्यादेच्या आतील होत्या आणि देशातील बहुतांश वाइन मर्यादेबाहेरच्या वायनरी बनवीत होत्या. २०१० मध्ये अपील न्यायालयाने हा कायदा परिणामतः भेदभाव करणारा म्हणून रद्द केला. तेथील ग्राहकांना थेट खरेदीची सोय २०१५ पासून मिळाली.

दुसरी मर्यादा किरकोळ विक्रेत्यांची. ग्रॅनहोम हा निकाल उत्पादकांविषयी होता. परराज्यातील दुकानासही तोच न्याय लागू होतो काय? २६ जून २०१९ रोजी टेनेसी वाइन अँड स्पिरिट्स रिटेलर्स असोसिएशन विरुद्ध थॉमस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी, दुकानाच्या परवान्यासाठी राज्यात दोन वर्षे वास्तव्य असावे ही अट रद्द केली आणि समानतेचे तत्त्व उत्पादकांपुरते सीमित नसल्याचे सांगितले. तरीही मिशिगन (२०२०), मिसुरी (२०२१) व नॉर्थ कॅरोलिना (२०२२) यांच्याबाबत अपील न्यायालयांनी परराज्यातील दुकानांना घरपोच विक्रीस मज्जाव करणारे कायदे कायम ठेवले. किरकोळ विक्रेता राज्यातील घाऊक विक्रेत्याकडूनच माल घेतो, हा त्रिस्तरीय व्यवस्थेचा गाभा आहे. परराज्यातील दुकानाला सूट दिली तर तो गाभाच नाहीसा होतो, असा या निकालांचा सर्वसाधारण रोख आहे.

तिसरी मर्यादा व्यावहारिक आहे. वायनरीला प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना, वेगळी प्रमाणमर्यादा, वेगळे विवरणपत्र आणि वेगळा कर सांभाळावा लागतो. टपाल खात्यामार्फत मद्य पाठविण्यास केंद्रीय कायद्याने मनाई असल्याने खासगी वाहतूक कंपन्यांवर अवलंबून राहावे लागते, आणि २१ वर्षांवरील व्यक्तीची स्वाक्षरी घेतल्याविना पेटी सोडता येत नाही. हा सर्व उपद्व्याप मोठ्या कंपनीस जड नाही. ज्या छोट्या वायनरीच्या नावाने लढा झाला, तिला तो जड जातो. शिवाय स्वाक्षरीची अट दारात उभ्या असलेल्या पोचकऱ्याच्या दक्षतेइतकीच परिणामकारक असते, ही आरोग्यवाद्यांची शंकाही रास्त आहे. परवाना व तपासणी यांना सुट्टी मिळते असा या निकालाचा अर्थ नाही. उलट भेदभावाची जागा नियमनाने घ्यावयाची, तर ते नियमन प्रत्यक्षात करावे लागते.

७. भारतीय संदर्भ

हा सारा प्रपंच महाराष्ट्रातील अभ्यासकाने का जाणून घ्यावा? नाशिक परिसरातील वायनरीत येणारा प्रवासी बंगळूरु किंवा कोलकात्याला परतल्यावर तीच वाइन पुन्हा मागवू इच्छितो, तेव्हा तोच प्रश्न आपल्याकडे उभा राहतो.

भारतीय राज्यघटनेत मादक पेयांचे उत्पादन, बाळगणे, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, नोंद ८ मध्ये आहेत. अनुच्छेद ४७ औषधी प्रयोजनाखेरीज मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगतो. मद्याचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने हर शंकर (१९७५) व खोडे डिस्टिलरीज (१९९४) या प्रकरणांत घेतली. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. राज्यांचा अधिकार येथे अमेरिकेहूनही प्रबळ दिसतो.

मात्र दुसरी बाजूही घटनेतच आहे, आणि ती अमेरिकी घटनेपेक्षा स्पष्ट शब्दांत आहे. अनुच्छेद ३०१ देशभर व्यापार व दळणवळणाचे स्वातंत्र्य सांगतो. अनुच्छेद ३०४ (क) नुसार परराज्यातून येणाऱ्या मालावर राज्याने लावलेला कर स्थानिक मालाशी भेद करणारा नसावा. राज्यसूचीतील नोंद ५१ तर मद्याविषयीच बोलते : राज्यात बनलेल्या मद्यावर उत्पादन शुल्क, आणि देशात अन्यत्र बनलेल्या तशाच मद्यावर त्याच किंवा त्याहून कमी दराने समतोल साधणारे शुल्क. या शुल्काचा उद्देश बाहेरच्या मालावर स्थानिक मालाइतकाच भार टाकणे हा आहे, याची चर्चा कल्याणी स्टोअर्स विरुद्ध ओरिसा राज्य (एआयआर १९६६) या निकालात झाली. अमेरिकी न्यायालयास इतिहास धुंडाळून जे तत्त्व शोधावे लागले, ते आपल्या घटनाकारांनी नोंदीतच लिहून ठेवले.

तरीही व्यवहारात प्रत्येक राज्य ही स्वतंत्र बाजारपेठ आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये ‘आयात’ आणि ‘निर्यात’ या शब्दांच्या व्याख्या राज्याच्या सीमेला धरून केल्या आहेत. महाराष्ट्रातून गोव्यात जाणारी बाटली कायद्याच्या भाषेत निर्यात होते. एका राज्यातून दुसऱ्यात मद्य न्यावयाचे तर परवाने, शुल्के आणि नोंदणी यांची शृंखला पार करावी लागते. कर्नाटक, केरळ व तामिळनाडू या राज्यांत घाऊक व्यापार शासकीय महामंडळाच्या हाती आहे. गुजरात व बिहार यांत बंदीच आहे. भेद कराच्या दरात नसला, तरी शुल्के व प्रक्रिया यांत तो शिरू शकतो, आणि छोट्या उत्पादकाला तोच अधिक जाचतो.

महाराष्ट्राची स्वतःची भूमिकाही या संदर्भात तपासावी लागते. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने राज्यातील वाइन उद्योगास उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्कची उभारणी झाली. द्राक्षबागायतदाराला खाण्याच्या द्राक्षांव्यतिरिक्त बाजार मिळावा, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु हवाईतील ओकोलेहाओच्या सवलतीमागेही असाच हेतू होता, आणि ती रद्द झाली. भारतात उत्तर वेगळे असू शकते. जिंदाल स्टेनलेस प्रकरणी ११ नोव्हेंबर २०१६ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने असे ठरविले की, भेदभाव करणारे करच अनुच्छेद ३०४ (क) ने निषिद्ध आहेत. आणि उद्योगवाढीसाठी मर्यादित काळापुरत्या, विशिष्ट गटास दिलेल्या सवलती म्हणजे आपोआप भेदभाव नव्हे. मर्यादित काळ आणि प्रामाणिक कारण यांवर येथे भर आहे. सवलत वर्षानुवर्षे वाढत गेली, तर ती प्रोत्साहन राहते की तटबंदी होते, हा प्रश्न खुला राहतो.

नियमनाची तीव्रता हा वेगळा मुद्दा आहे आणि त्यावर महाराष्ट्रातच टोकाची मते आढळतात. एकीकडे नाशिकचे मळे, तर दुसरीकडे दारूबंदी असलेले वर्धा व गडचिरोली जिल्हे. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही यावर मोठा वाद झाला. कायद्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे : अधिनियमातील मद्याच्या व्याख्येत वाइनचा नामनिर्देशाने समावेश आहे. शेतकऱ्याचे हित सांगताना आरोग्याचा प्रश्न झाकणे जितके अयोग्य, तितकेच आरोग्याचे कारण सांगून परराज्यातील स्पर्धा रोखणे अयोग्य.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) मद्याचे नियमन किती कठोर असावे हे ठरविण्याचा अधिकार राज्याचा आहे. ग्रॅनहोम निकालाने तो काढून घेतलेला नाही. राज्य पूर्ण बंदी घालू शकते किंवा खुली विक्रीही मान्य करू शकते.

(२) जी कठोरता परक्यासाठी, ती स्वकीयासाठीही असली पाहिजे. लोकहिताचे कारण खरे आहे की नाही, याची सोपी कसोटी यातून मिळते : राज्य तेच बंधन आपल्या उत्पादकावर घालण्यास तयार आहे काय?

(३) भेदभाव बहुधा करांच्या दरांपेक्षा अटींमध्ये दडलेला असतो. न्यूयॉर्कची गोदामाची अट आणि मॅसॅच्युसेट्सची गॅलनची मर्यादा ही त्याची उदाहरणे होत. भारतातही केवळ शुल्कदर न पाहता परवाना, नोंदणी व वितरण यांच्या अटी तपासणे आवश्यक आहे.

(४) समान वागणूक ही परस्परांची असते. नाशिकच्या वाइनला इतर राज्यांत मोकळी वाट हवी असेल, तर कर्नाटकाच्या वाइनला महाराष्ट्रात तीच वाट देण्याची तयारी ठेवावी लागेल. परक्याच्या दारातील अडसर दिसतो, आपल्या दारातील दिसत नाही. संघराज्याच्या कायद्याचे काम तो दाखवून देणे हे आहे.

वाइनची एक पेटी कोणत्या मार्गाने घरी यावी, हा प्रश्न लहान आहे. परंतु अनेक राज्ये मिळून एक देश बनतो, तेव्हा प्रत्येक राज्याने आपला अधिकार कोणत्या मर्यादेत वापरावा, याचा वस्तुपाठ त्यातून मिळतो. म्हणून या प्रश्नाचा अभ्यास मद्याविषयी कोणतेही मत असलेल्या अध्यापकास उपयुक्त ठरेल.